गोव्याच्या सड्यावर, खाजनात, काजूच्या वाटांवर साधी सायकल: शॉकअप हवाच का?

तांबडी_माती (डिचोली)

नमस्कार मंडळी. सायकलीवर आपल्याकडे गप्पा खूप होतात, पण बहुतेक डांबरावरच्या. चोर्ला घाट कुठल्या गिअरवर चढायचा, पणजी ते मडगाव किती वेळ लागतो, वगैरे. गोव्यात डांबर सोडून आत वळलं की लगेच वेगळी जमीन सुरू होते. सड्यावरचा, म्हणजे सपाट कातळमाथ्यावरचा, उघडा जांभा, काजूच्या बागांतून उतरणाऱ्या पाऊलवाटा, खाजनांचे (खाडीकाठच्या शेतजमिनींचे) बांध, चिरेखाणींकडे जाणारे ट्रकांचे रस्ते. हा धागा त्या जमिनीसाठी आणि तिच्यावर चालवायच्या सायकलीसाठी.

माझं म्हणणं आधीच मांडते. गोव्यातल्या बहुतेक कच्च्या वाटांना पुढे-मागे कुठेही शॉकअप नसलेली, पोलादी फ्रेमची साधी सायकल पुरते, आणि पुष्कळ ठिकाणी तीच जास्त बरी पडते. अट एवढीच की टायर रुंद हवेत आणि त्यांत हवा बेताची हवी.

दुकानात गेलं की पहिली पुढे केली जाते ती शॉकअपवाली सायकल. स्वस्त सायकलीला जो शॉकअप येतो त्याच्या आत साधी स्प्रिंग असते. डॅम्पिंग जवळजवळ नसतं, त्यामुळे दगडावर दबला की तितक्याच जोरात उसळून वर येतो आणि नेमकं वळणावर पुढचं चाक जमीन सोडतं. वजन अडीच किलोच्या आसपास. त्यात आपल्याकडे वर्षाला सुमारे ३,००० मिमी पाऊस. नळ्यांवर गंज धरतो, सीलमधून तांबडी माती आत जाते, आणि काही पावसाळ्यांत तो जाम होऊन बसतो. पुढे त्याचं ओझं तेवढं आपण वाहतो. साधा पोलादी फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) सव्वा किलोच्या आतबाहेर असतो आणि त्यात बिघडण्यासारखं काही नसतं.

मग धक्का कोण शोषतं? टायर. पोलादी फोर्क थोडा लवचिक असतो हे खरं, पण तो फरक टायरपुढे किरकोळ आहे. माझं वजन साठीच्या घरात आहे. २.२५ इंची टायरमध्ये मी पुढे २२ आणि मागे २५ पीएसआय हवेचा दाब ठेवते, ट्यूबसकट. पंपावर गेलात तर बहुधा चाळीस भरून मिळतील, आणि त्या चाळीसवर हीच सायकल सड्यावर हाडं खिळखिळी करते. साठ किलोच्या माणसाला चालणारी हवा ऐंशी किलोच्या माणसाला चालणार नाही, प्रत्येकाने आपली शोधावी. फार खालीही जाऊ नये. जांभ्याला धार असते. हवा अतिच कमी असली तर दगड आणि रीम यांच्यात ट्यूब चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात.

आता जमीन. सड्यावर जांभ्याचं वरचं कवच कडक असतं, त्यावर खड्डे आणि कंगोरे. कोरड्या दिवसांत त्यावर टायरची पकड उत्तम असते. धोका असतो तो कवच फुटून सुटलेल्या बारीक गोल खड्यांचा. उतारावर वाटेत बेअरिंगचे छर्रे सांडून ठेवावेत तसे ते पसरलेले असतात. तिथे ब्रेक आधी, खडे सुरू होण्यापूर्वी. खड्यांवर आल्यावर हँडल सरळ, हात सैल, वजन किंचित मागे. पुढचा ब्रेक त्या टप्प्यात विसरायचा. पावसात हाच दगड शेवाळतो. हिरवा-काळपट पट्टा दिसला की त्यावर वळायचंही नाही आणि ब्रेकही लावायचा नाही, सरळ ओलांडून जायचं. जमत नसेल तर उतरायचं.

शॉकअप नसला की डोळ्यांना काम लागतं. चाकापुढची हातभर जमीन बघून चालत नाही, नजर बरीच पुढे ठेवावी लागते, आणि दोन दगडांमधली वाट आधीच ठरवावी लागते. पायडल आडवे ठेवून त्यांवर उभं राहायचं, गुडघे आणि कोपरं वाकलेली. मुळं आडवी आली तर पुढचं चाक क्षणभर हलकं करायचं. सीटवर गच्च बसून राहिलात तर ही सायकल तुम्हाला छळेल आणि दोष मात्र फोर्कला लागेल. या सायकलीमुळे माझी माझ्याच तालुक्याशी नव्याने ओळख झाली. कुठे माती चिकट आहे, कुठे पाझर आहे, कुठे गुरांची वाट आहे, हे हातांना कळतं. मला हे फार मोलाचं वाटतं.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. सडा वरून उजाड दिसतो. ऑगस्ट-सप्टेंबरात जाऊन बघा: गेंद, सीतेची आसवं, किडे पकडणारी दवबिंदू, सगळं बोटभर मातीच्या थरावर उगवलेलं. सच्छिद्र जांभ्यातून मुरलेलं पाणीच खाली झरीला येतं. मळलेली वाट सोडून फुलांतून चाकं घालू नका. ताळगाव, कदंब पठार, मोपा, एकेक सडा बांधकामाखाली जातो आहे. उरलेल्यांवर आपण तरी जपून जाऊ.

तुमचे अनुभव लिहा. विरोधी मत असेल तर तेही.

---

पुणेरी_पायडल

ताई, सुंदर लिहिलंय. पण पूर्ण पटलं नाही.

माझ्याकडे १०० मिमी दबणारा एअर फोर्क (हवेवर चालणारा शॉकअप) असलेली हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे शॉकअप असलेली सायकल आहे. सह्याद्रीतल्या दगडी उतारांवर साध्या फोर्कची सायकल आणि ही, दोन्ही चालवल्या आहेत. चांगला शॉकअप वेगळीच गोष्ट आहे. पुढचं चाक जमिनीला धरून राहतं, त्यामुळे ब्रेक लागतो, वळण घेता येतं. हा निव्वळ आरामाचा प्रश्न नाही. तुम्ही स्वस्त शॉकअपच्या उणिवा दाखवून सगळ्याच शॉकअपना बाद करताय असं वाटलं.

---

तांबडी_माती (डिचोली)

मुद्दा मान्य. चांगला एअर फोर्क, वेळेवर सर्व्हिसिंग आणि खरोखरचे दगडी उतार, हे तिन्ही जुळत असेल तर तो फोर्क आपली किंमत वसूल करतो. माझा रोख पहिली सायकल घेणाऱ्यावर आहे. ठरावीक पैशांत एकतर वाईट शॉकअप येतो किंवा चांगले टायर, चांगले ब्रेक आणि नीट बांधलेली चाकं येतात. गोव्यातल्या वाटा बघता मी दुसरं घ्यायला सांगेन. आमच्याकडे सलग लांब दगडी उतार थोडे, चढउतार छोटे आणि वाटा एकमेकींना मिळालेल्या. सह्याद्रीच्या घाटवाटेचं मोजमाप इथे लागू पडत नाही.

---

चाती (फोंडा)

आमचं घरचं सायकल दुरुस्तीचं दुकान, लहानपणापासून हात ग्रीसमध्ये. त्यामुळे सुट्या भागांबद्दल लिहितो.

पहिलं, जुनी सायकल काढून तिला रुंद टायर घालायचे बेत बरेच जण करतात. आधी टायरच्या बाजूला छापलेला मिलिमीटरचा आकडा वाचा. इंचाच्या आकड्याने फसगत होते. काळी मोठी सायकल, जिला आपण २८ इंची म्हणतो, तिची रीम ६३५ मिमी. आणि ज्याला २९ इंची एमटीबी (डोंगरी सायकल) म्हणतात तिची ६२२. म्हणजे २८ ची रीम २९ पेक्षा मोठी! २६ चा घोळ तर विचारू नका. २६ × २.१० म्हणजे ५५९, २६ × १ ३/८ म्हणजे ५९०, २६ × १ १/२ म्हणजे ५८४. तिन्ही '२६ इंची', एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. २७.५ ची रीमही ५८४ च. हा आकडा घेऊनच दुकानात जा.

६३५ मध्ये रुंद खाचांचे टायर मिळणं कठीण. म्हणून काळ्या सायकलीला कच्च्या वाटेची सायकल करायच्या फंदात फारसं पडू नये, ती जशी आहे तशी तिच्या कामाला उत्तम आहे. जुनी २६ ची एमटीबी मिळाली, ५५९ ची, तर ती घ्यावी. फ्रेम आणि टायर यांच्यात दोन्ही बाजूंना निदान ६ मिमी जागा हवी, नाहीतर तांबडी चिकण माती अडकून चाक फिरायचंच थांबतं.

दुसरं, वॉल्व्ह. आपल्या साध्या ट्यूबला जो रबरी नळीचा वॉल्व्ह असतो त्यावर गेजने हवा नीट मोजताच येत नाही. ताईंनी सांगितलेले २२ आणि २५ मोजायचे तर मोटारसायकलसारख्या वॉल्व्हची ट्यूब घ्या. बहुतेक वेळा रीमचं तेच भोक चालतं. आणि गेज असलेला छोटा पंप सोबत ठेवा.

तिसरं, ब्रेक. तांबड्या मातीत लोहाचे कण असतात आणि ती कानशीसारखी घासते. रीमवर रबर दाबणाऱ्या व्ही-ब्रेकने पावसात सड्यावर सायकल चालवलीत की रबरं आणि रीम दोन्ही झिजतात. रीमच्या कडेवर बोट फिरवून बघा, आत खोलगट लागली तर ती रीम संपली, हवा भरताना फाटू शकते. नवीन घेत असाल तर केबलवाला डिस्क ब्रेक घ्या, आणि पावसाळ्यात धातूमिश्रित पॅड घाला, ते जास्त टिकतात. थोडा आवाज करतात, करू देत.

चौथं आणि महत्त्वाचं. शॉकअप काढून साधा फोर्क घालून द्या म्हणून लोक येतात. कुठलाही फोर्क चालत नाही! शॉकअप लांब असतो. त्याच्या जागी आखूड फोर्क घातला की सायकलीचं नाक खाली जातं. फोर्कची लांबी २० मिमी कमी झाली की हेडचा (फोर्क बसतो त्या पुढच्या नळीचा) कोन साधारण १ अंशाने उभा होतो. ५०-६० मिमी आखूड फोर्क घातलात तर उतारावर सायकल अंगावर आल्यासारखी वाटेल आणि पायडल दगडांना लागतील. शॉकअपच्या लांबीचा विचार करून बनवलेले साधे फोर्क मिळतात, तेच मागवा. शॉकअपचं एक्सलपासून (चाकाच्या आसापासून) क्राऊनपर्यंतचं (फोर्कच्या वरच्या खांद्यापर्यंतचं) माप घ्या, बसल्यावर शॉकअप जेवढा दबतो तेवढं त्यातून वजा करा, त्याच्या जवळपासचा फोर्क हवा.

---

दिवाडीकर

चातीभाऊ, २८ आणि २९ चं आज कळलं. आमच्या बेटावरच्या कित्येकांना हे सांगावं लागेल.

ताई, तुमचा धागा वाचताना मला सारखा पोदेर (पाववाला) आठवत होता. सकाळी भोंगा वाजवत येणारा, मागे पावाचा मोठा पांटलो (टोपली), त्यावर निळं प्लास्टिक. शॉकअप सोडाच, गिअर नाहीत. तरी तो उंडे, पोळे, कातरे पाव घेऊन चिखलाच्या गल्लीत, भाटांतून (बागांतून), दगडी पायऱ्यांच्या कडेने घरोघर पोचतो. पिढ्यान्‌पिढ्या पोचतो आहे. गोव्यात कच्च्या वाटेवर साधी सायकल चालते का, या प्रश्नाचं उत्तर रोज सकाळी दारात येतं. त्याच्याकडून शिकण्यासारखं एक आहे: तो कधी घाई करत नाही आणि वजन असताना वळणावर ब्रेक लावत नाही.

खाजनाबद्दल दोन शब्द, कारण दिवाडी-चोडणला सायकली घेऊन येणारे खूप वाढलेत. जुने गोवे किंवा रायबंदरहून फेरीबोटीने सायकलसकट येता येतं, पलीकडे नार्व्याला उतरता येतं. नार्व्याचं सप्तकोटेश्वराचं देऊळ, ज्याचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये केला, त्या देवाचं मूळ स्थान आमच्या दिवाडीवर. एवढी एक वाट जरी केलीत तरी सकाळ भरून निघते.

पण बांध. खाजन म्हणजे खाडीचं खारं पाणी अडवून तयार केलेली शेतजमीन. बांध चिकणमातीचे, काही ठिकाणी बाहेरून जांभ्याचे दगड लावलेले. मानशीची (बांधातल्या पाण्याच्या झडपेची) दारं भरती-ओहोटीबरोबर उघडतात-मिटतात. एक बांध फुटला की खारं पाणी शेतात शिरतं आणि ती जमीन पुढचे काही हंगाम हातची जाते. कुर्ल्या (खेकडे) बिळं करून आधीच बांध पोखरत असतात. पावसाळ्यात ओल्या बांधावर तुमच्या रुंद टायरची चाकोरी पडली की तिच्यात पाणी साचतं, वाहतं, आणि तिथेच तो खचायला लागतो. म्हणून हात जोडून सांगतो, जून ते ऑक्टोबर बांधावर सायकल नको. डिसेंबरनंतर बांध कडक झाला की या, समोरून शेतात जाणारं माणूस आलं तर उतरून बाजूला व्हा. बांध कुळांचा आहे, डागडुजीही तेच करतात.

---

पुणेरी_पायडल

दिवाडीकर, ही बांधाची माहिती मला नव्हती. धन्यवाद. मी जानेवारीत येतोय, तेव्हा चालेल ना?

---

दिवाडीकर

जानेवारीत चालेल. तरी तिथल्या माणसाला विचारून जा. भरतीच्या वेळी मानशीजवळ चिखल असतो, तिथे उतरून सायकल हातात धरून जा.

---

फिजिओ_मडगाव

वर कोणी हातांबद्दल लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. माझ्याकडे सायकलवाले येतात ते बहुतेक दोन तक्रारी घेऊन. करंगळी आणि तिच्या शेजारचं अर्धं बोट बधिर होणं, किंवा अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येणं. पहिल्यात मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूने जाणाऱ्या अल्नर नसेवर दाब येतो, दुसऱ्यात मधल्या मीडियन नसेवर. शॉकअप नसलेल्या सायकलीवर खडबडीत वाटेवरून तासन्‌तास गेलात तर कंपन आणि दाब दोन्ही एकाच जागी बसतात. ताईंचं म्हणणं मला मान्य आहे, पण ही किंमत लपवून ठेवू नये.

उपाय साधे आहेत. हँडल घट्ट आवळू नका, भीतीने बोटं आपोआप आवळली जातात, तिकडे लक्ष ठेवा. मनगट मागे मुडपलेलं नको, हाताच्या रेषेत सरळ हवं. ग्रिप थोडी जाड घ्या. सीटचं टोक खाली झुकलेलं असेल तर सगळं वजन तळहातांवर येतं, ते सपाट करा. हँडल फार खाली आणि लांब असेल तर स्टेम (हँडल धरणारा तुकडा) बदलून वर-जवळ आणा. थोड्या थोड्या वेळाने हाताची जागा बदला.

बधिरपणा सायकलवरून उतरल्यावर थोड्या वेळात जात असेल तर वरचे बदल करून बघा. दुसऱ्या दिवशीही राहिला, किंवा चिमटीत वस्तू धरताना जोर कमी वाटला, तर सायकल बंद ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. नस दुखावली तर भरून यायला महिने लागतात.

ज्यांना आधीच मनगटाचा किंवा मानेचा त्रास आहे, त्यांना मी शॉकअपवाली सायकलच सुचवते. तिथे तत्त्वाचा प्रश्न नाही.

---

तांबडी_माती (डिचोली)

डॉक्टरताई, हे फार गरजेचं होतं. सीटच्या टोकाचं तर मी प्रत्येकाला सांगणार आहे.

---

वाळपईकर

सत्तरी तालुक्यातून लिहितो. सड्याचं, खाजनाचं झालं, आता रानाचं.

लोक नकाशावर पांढरी बारीक रेष बघतात आणि सायकल घालतात. म्हादई अभयारण्य, नेत्रावळी, मोले, खोतीगाव, या सगळ्यांत परवानगी लागते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि तो सायकललाही लागू आहे. नाक्यावर विचारा, जिथे सोडतात तिथे जा, नाही म्हणाले तर परत फिरा. दूधसागरला रेल्वेच्या रुळांच्या कडेने सायकल नेण्याचे व्हिडिओ फिरतात, ते बघून कोणी तसं करू नये. तिथे बोगदे आहेत आणि गाडी आली तर बाजूला व्हायला जागा नसते.

खाणींचं म्हणाल तर २०१२ ला खाणकाम थांबलं तेव्हापासून बरेच जण जुन्या खाणरस्त्यांवर जायला लागले. ट्रकांसाठी केलेले असल्याने चढ सौम्य, रस्ता रुंद, साध्या सायकलीला छान. पण ती जागा कोणाची तरी आहे, खड्ड्यांत खोल पाणी आहे, आणि पावसाने कडा कापलेल्या असतात. वरून सपाट दिसतं, पुढे सरळ तुटलेलं. आता काही खाणी पुन्हा सुरू झाल्यात, म्हणजे ट्रकही आहेत. परवानगीशिवाय आत शिरू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. माकडताप. २०१५ पासून आमच्या सत्तरीत याचे रुग्ण निघाले, माणसं गेली. हा गोचिडीमुळे होतो. गोचीड असते सुक्या पालापाचोळ्यात, आणि काजूचा हंगाम म्हणजे नेमके तेच दिवस. डिसेंबर ते मे फार जपायचं. लांब पँट मोज्यात खोचा, पाल्यात बसू नका, सायकल पाल्यात आडवी टाकू नका. घरी आल्यावर अंघोळ, कपडे गरम पाण्यात. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, आरोग्य केंद्राला किंवा वन खात्याला कळवा. रानातून आल्यावर काही दिवसांत जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी झाली तर डॉक्टरांना सांगा की मी सत्तरीच्या रानात होतो. हे सांगितल्याने निदान लवकर होतं.

आणि सड्यावर फुरसं. दगडाखाली असतं, रंगात मिसळून जातं. संध्याकाळी कुठल्याही चिऱ्यावर न बघता टेकू नका, पंक्चर काढायला बसलात तरी.

बाकी काजूच्या वाटांबद्दल ताईंनी लिहिलंच आहे. एप्रिलमध्ये वाळलेला पाला इतका जाड असतो की खालचा दगड दिसत नाही आणि पाला स्वतः निसरडा. बागेत लोक बोंडू (काजूची फळं) गोळा करत असतात. ती त्यांची वर्षाची कमाई आहे. बोंडवांवरून चाक नेऊ नका, थांबून दोन शब्द बोला. आमच्याकडे थांबलेल्या माणसाला पाणी दिल्याशिवाय कोणी सोडत नाही.

---

जुनी_चाके (पर्वरी)

शॉकअपच्या वादात एक जुनी गोष्ट नोंदवतो. डोंगरात सायकल चालवण्याचा हा खेळ अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत वाढला, माउंट टॅमलपायसच्या उतारांवर. पोरं जुन्या फुगीर टायरांच्या सायकली घेऊन कच्च्या रस्त्याने खाली सुटायची. मागच्या हबमध्येच ब्रेक असायचा, तो इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि खाली पोचल्यावर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं. म्हणून त्या उताराचं नावच 'रीपॅक' पडलं. तिथली पहिली शर्यत १९७६ ची. जो ब्रीझ नावाच्या सायकलपटूने १९७७ मध्ये खास या कामासाठी फ्रेम बांधली, १९८१ मध्ये स्टम्पजम्पर नावाची डोंगरी सायकल बाजारात आली. या सगळ्या साध्या फोर्कच्या. शॉकअप बनवणारी रॉकशॉक्स कंपनी निघाली १९८९ ला. म्हणजे पहिली दहा-बारा वर्षं हा खेळ रुंद टायर आणि वाकलेली कोपरं यांवरच चालला.

याचा अर्थ शॉकअप वाईट असा काढू नये. शर्यतीचा वेग वाढला तशी त्याची गरज पडली. ज्याला तो वेग नको, त्याची गरजही वेगळी.

---

पुणेरी_पायडल

हा शेवटचा मुद्दा मला भिडला. मी वेगाचं गणित धरून बोलत होतो. जानेवारीत येताना मग जुनी साधी सायकल आणावी म्हणतो. रेल्वेने आणता येईल का? आणि दक्षिणेकडची एखादी वाट सुचवा, दिवसभराची.

---

चाती (फोंडा)

रेल्वेत पार्सल ऑफिसात लगेज म्हणून बुक करून ब्रेकव्हॅनमध्ये टाकता येते. मडगावला उतरवा, छोट्या स्टेशनांवर गाडी मिनिट-दोन मिनिटं थांबते, तेवढ्यात सायकल उतरवणं अवघड. पायडल आणि हँडल वळवून बांधा, मागच्या डिरेलरला (गिअर बदलणाऱ्या भागाला) पुठ्ठा गुंडाळा, पुढच्या डिस्कमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा सरकवा. टायरमधली सगळी हवा काढू नका, रीम आपटली तर वाकेल.

---

सांगेकर

दक्षिणेचं मी सांगतो. मडगावहून केपे, तिथून रिवण. हे डांबर आहे, पण गाड्या कमी. रिवणच्या पुढे कुशावतीच्या काठी उसगाळीमळ. जांभ्याच्या कातळावर कोरलेली चित्रं आहेत तिथे, बैल, हरणं, वर्तुळांचा चक्रव्यूह. प्रागैतिहासिक काळातली मानतात. पावसाळ्यात माती साचते, कोरड्या दिवसांत स्वच्छ दिसतात. सायकल वर रस्त्यालाच लावा आणि कातळावर अनवाणी जा. काही जण त्या कातळावरून टायर फिरवतात, ते बघून जीव तुटतो. जांभा मऊ दगड आहे, हजारो वर्षं टिकलेली रेघ आपल्या चाकांनी जायला नको.

परत येताना नदीच्या कडेने कुळागरांमधून (सुपारीच्या बागांमधून) कच्च्या वाटा आहेत, सुपारीच्या सावलीत. त्या तुमच्या साध्या सायकलीसाठीच केल्यासारख्या आहेत, पण कुळागर म्हणजे कोणाचं तरी घरच असतं. विचारून जा.

जानेवारीत नाही, पण पुन्हा मे महिन्यात येणं झालं तर कुर्डीला या. साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलेलं आमचं गाव. गायिका मोगूबाई कुर्डीकर या गावच्या. पाणी उतरलं की एप्रिल-मेमध्ये घरांची जोती, विहिरी, जुना रस्ता, सगळं वर येतं. वाडे आणि वालकिणी इथे वसवलेली माणसं त्या दिवसांत सोमेश्वराच्या उत्सवाला परत जमतात. माझी आजी अजून स्वतःच्या घराच्या पायरीवर बसून येते.

तिथे सायकल चालवायची तर जुन्या रस्त्याच्या चाकोरीवरूनच. तळ्याची वाळलेली माती वरून भेगाळलेली आणि कडक दिसते, पण पाण्याच्या कडेला गेलात की कवचाखाली गाळ असतो. चाक हबपर्यंत जातं आणि माणूस गुडघ्यापर्यंत. घरांच्या जोत्यांवर, तुळशी वृंदावनांवर चाक नेऊ नका. बाकी वाट सपाट, उघडी, शॉकअपची काहीच गरज नाही. सावली अजिबात नाही, म्हणून पहाटे निघा आणि माणशी तीन लिटर तरी पाणी घ्या.

---

तांबडी_माती (डिचोली)

सांगेकरदादा, कुर्डीला मी एकदा तरी येणारच. आजींना नमस्कार सांगा.

पुणेरी, जुनी सायकल कुठली आहे? चाकाचा मिलिमीटरचा आकडा आणि टायरची रुंदी इथे लिहा, म्हणजे चातीभाऊ सांगतील काय बसेल ते. गुळगुळीत टायर असतील तर पुढचा तरी खाचांचा घ्या, पैसे एकाच टायरपुरते असतील तर तो पुढे. मागचं चाक घसरलं तर सावरता येतं, पुढचं घसरलं की आपण खालीच असतो.

---

पुणेरी_पायडल

५५९, आत्ता १.९५ चे टायर आहेत. व्ही-ब्रेक. फ्रेम पोलादी, फोर्क मूळचाच, साधा.

---

चाती (फोंडा)

उत्तम. फोर्कमध्ये आणि मागे चेनस्टेमध्ये (मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या नळ्यांमध्ये) जागा मोजा. दोन्हीकडे ६ मिमी सुटत असेल तर २.१ पुढे-मागे. मागे सुटत नसेल तर पुढे २.१, मागे १.९५ राहू द्या. ब्रेकची रबरं नवीन घाला, जुनी जानेवारीपर्यंत दगड झालेली असतील. ट्यूब मोटारसायकल वॉल्व्हच्या दोन घ्या, एक जास्तीची. आणि निघण्यापूर्वी रीमच्या कडेवर बोट फिरवून बघा.